टाकी स्टीलची की ॲल्युमिनियमची? रोह्यातल्या एका सौद्यामागचा इतिहास

आजच्या भागात किल्ले नाहीत, लढाया नाहीत. आज एका बाटलीचा इतिहास सांगणार आहे. सुरुवात माझ्या फोनवर आलेल्या एका फोटोपासून.

मी पेणचा. रोह्याला माझे काही मित्र आहेत, पावसाळ्यात कुणी वाहून गेलं की शोधायला धावणारे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा पूल पडला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. तेव्हा नौदलाचे पाणबुडे त्या गढूळ पाण्यात उतरताना या पोरांनी काठावरून पाहिले. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच, आपल्याकडेही दोन संच हवेत. दोघांनी रीतसर डायव्हिंगचं शिक्षण घेतलं, यंदा वर्गणीही जमली. आणि मुंबईत एका भंगारवाल्याकडे ॲल्युमिनियमची टाकी एकदम स्वस्तात मिळत होती. फोटो पाठवून विचारलं, "भावा, घेऊ का? का स्टीलचीच बघू?"

मी मालवणला शिकलेला हौशी डायव्हर, पेशाने सॉफ्टवेअरवाला. पण हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर इतिहासात आहे.

आपल्याला वाटतं पाण्याखाली श्वास घेण्यातली खरी करामत रेग्युलेटरची. तर तसं नाही! फ्रान्समध्ये रुकेरोल आणि देनेरूझ या दोघांनी १८६० च्या दशकातच मागणीनुसार हवा सोडणारा रेग्युलेटर बनवला होता. पाठीवर धातूचा डबाही होता. पण त्या डब्याला फार दाब सोसत नव्हता, त्यामुळे काही मिनिटांपुरतीच हवा मावायची. मग काय, वरून पंप आणि नळी आलीच. म्हणजे झडप तयार होती, बाटली तयार नव्हती.

बाटलीची वाट मोकळी झाली ती १८८० च्या दशकात. जर्मनीतल्या मानेसमान बंधूंनी तापलेल्या भरीव पोलादी दांड्यातून बिनजोड नळी काढायची रीत शोधली. जोड नाही म्हणजे फाटायला कमकुवत जागा नाही. पुढे फ्रेंच नौदलातल्या ईव्ह ल प्रियरने १९२० च्या दशकात १५० बार दाबाची बाटली वापरून नळी कायमची तोडली. आणि १९४३ मध्ये कुस्तो आणि एमिल गान्यान यांनी ॲक्वालंग केलं. गान्यान एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना, गाड्या गॅसवर चालवायच्या होत्या, त्यासाठी त्याने जो रेग्युलेटर बनवला होता, तोच सुधारून पाण्यात नेला. जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं नाही.

हे सगळं पोलादावर चाललं होतं. अमेरिकेत पुढची वीस-पंचवीस वर्षं 'स्टील ७२' हीच टाकी, म्हणजे साधारण ७२ घनफूट हवेची. ती दणकट होती, पाण्यात छान बसायची. पण तिचा शत्रू आपल्या कोकणी माणसाला वेगळा सांगायला नको. पेणच्या मिठागरांजवळ ज्यांचं पत्र्याचं छप्पर आहे त्यांना विचारा! टाकी पूर्ण रिकामी झाली की झडपेतून खारं पाणी आत शिरू शकतं, कंप्रेसरमधून दमट हवा भरली जाते, आणि आतून गंज चढतो. आता गंजायला ऑक्सिजन लागतो, आणि बंद बाटलीत तो कुठून येणार? तुम्ही ज्या हवेवर जगणार आहात, तिच्यातूनच. महिनोन् महिने ओली, भरून ठेवलेली स्टीलची टाकी म्हणूनच धोक्याची. पट्टीवर दाब बरोबर दिसतो, आतली हवा मात्र तितकी जगवणारी नसते.

१९७० च्या दशकात ॲल्युमिनियम पुढे आलं, लक्सफर कंपनी त्यात आघाडीवर. ॲल्युमिनियमवर पातळ थर धरतो आणि गंज तिथेच थांबतो. टाकी स्वस्त, हेळसांड सोसणारी. भाड्याने देणाऱ्या दुकानांनी ती उचलली, आणि '८० घनफुटी' जगभर पसरली. आपल्याकडे किनाऱ्यावर पर्यटकांच्या पाठीवर दिसते ती बहुतेक हीच.

आता इथे एक गंमत आहे. सगळ्यांना वाटतं ॲल्युमिनियम म्हणजे हलकं. जमिनीवर दोन्ही ठेवून बघा, ही टाकी आणि १२ लिटरची स्टीलची, दोन्ही जवळपास १४ किलो! ॲल्युमिनियम पोलादापेक्षा कमजोर, म्हणून भिंत दुपटीहून जाड करावी लागते. बाटली बाहेरून मोठी होते, जास्त पाणी सारते आणि तरंगू बघते. भरलेली असताना किंचित बुडते, पण आतली अडीच-पावणेतीन किलो हवा संपत आली की सुमारे २ किलोच्या जोराने वर ओढते. म्हणून कमरेला जास्त शिसं बांधायचं. स्टीलचीही हवा संपतेच, पण ती रिकामी झाली तरी सहसा वर ओढत नाही. थोडक्यात, ॲल्युमिनियमने पैसे वाचवले आणि बिल डायव्हरच्या कमरेवर टाकलं.

पण मित्रांच्या फोटोत अडचण ही नव्हतीच. मी फोटो मोठा करून टाकीच्या खांद्यावरचे ठसे वाचले. वर्ष होतं १९८३.

सुरुवातीच्या त्या टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या. सतत दाबाखाली राहून तिच्यात मानेपाशी, आट्यांच्या जागी, हळूहळू चिरा जातात हे वापरात आल्यावर कळलं. काही टाक्या भरताना फुटल्या, माणसं जखमी झाली. अमेरिकेत १९८८ च्या सुमाराला लक्सफरने ६०६१ ही मिश्रधातू घेतली, इतर देशांत अजून काही वर्षं जुनीच चालली. आमच्या भाषेत सांगायचं तर बग नव्या व्हर्जनमध्ये सुधारला, पण जुनं व्हर्जन लोकांच्या गॅरेजमध्ये तसंच राहिलं. अमेरिकेत आजही अशा जुन्या टाक्यांच्या मानेची विद्युतप्रवाहाने वेगळी तपासणी करावी लागते. त्यातून मिश्रधातूचं नाव टाकीवर बहुधा नसतंच. वर्ष आणि कंपनी बघून ओळखायचं. गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय असतं, इथे ३०००. आणि भरणारा पोरगा तिच्या शेजारीच उभा असतो.

शिवाय कायदा. भारतात नागपूरच्या पेसोची मान्यता नसलेली बाटली भरताच येत नाही, आणि त्या टाकीवर सगळे ठसे परदेशी. मी एका शब्दात कळवलं, "नको."

मग उरला मूळ प्रश्न. गटातल्या एका काकांचं म्हणणं, "अरे, डोलवीला एवढं पोलाद तयार होतंय आणि तुम्ही ॲल्युमिनियम काय घेताय?" नदीत शोध घेणाऱ्याला कमरेवर कमी शिसं हवं, त्या हिशोबाने काकांचं बरोबर आहे. रोज वापर असता, कोरडी हवा भरणारा कंप्रेसर हाताशी असता, तर मीही स्टीलच म्हणालो असतो. पण या टाक्या वर्षातले दहा महिने रोह्यात, एका दमट खोलीत पडून राहणार. वर्षातून एकदा झडप काढून आत कोण बघणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी ॲल्युमिनियम म्हटलं. नवी, पावतीसकट, ठसे वाचून.

वर्गणी कमी पडली, दोनाऐवजी एकच आली. गेल्या महिन्यात कोलाडला कुंडलिकेत शिशाचं वजन जुळवून पाहिलं. भिऱ्याकडून पाणी सुटायच्या आत, काठाजवळच्या शांत डोहात. गोड पाणी खाऱ्यापेक्षा कमी उचलतं, त्यामुळे मालवणला लागायचं त्याहून २ किलो शिसं कमी लागलं. तो आकडा काकांनी खडूने खोलीच्या दारावर लिहून ठेवलाय, खाली टाकीच्या पुढच्या तपासणीची तारीख.