पट्टी वाचणाऱ्या सिस्टर

१९६० च्या आसपास अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला मुद्दाम कोपऱ्यातली, वर्दळीपासून दूरची खोली देत. विश्रांती हाच मुख्य उपचार. रात्री ठोके बिघडून हृदय बंद पडलं, तर ते कळायचं फेरीच्या वेळी, म्हणजे बहुधा सगळं संपल्यावर.

वास्तविक इलाज हाताशी आला होता. पॉल झोल यांनी १९५६ मध्ये छातीवरून विजेचा धक्का देऊन हृदयाची लय पूर्ववत करून दाखवली. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत मांडली. अडचण वेळेची होती. हातात जेमतेम तीन-चार मिनिटं, आणि डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर किंवा घरी झोपलेले. अशा रोग्यांना एका जागी, सतत ईसीजीच्या नजरेखाली ठेवा, असं डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सुचवलं. पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या बेथनी रुग्णालयात ह्यूज डे यांनी तसा कक्ष उघडला.

पण ईसीजीच्या पडद्याकडे चोवीस तास बघायचं कोणी?

याचं सरळ उत्तर फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात मिळालं. डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनेओ यांचं म्हणणं असं, की खाटेजवळ जी असते तिलाच आलेख वाचता आला पाहिजे आणि गरज पडताच धक्काही देता आला पाहिजे. तोवर हे दोन्ही अधिकार डॉक्टरांचे. शिकायला परिचारिकांसाठी लिहिलेलं पुस्तक हवं होतं. ते या दोघांनी सहकारी डॉ. किचेल यांच्यासह १९६५ मध्ये काढलं. डॉक्टरी ग्रंथांचे उरलेसुरले तुकडे परिचारिकांच्या पुढ्यात टाकले नाहीत, हे महत्त्वाचं.

पुढे आलेख वाचण्याची विद्या बारीक होत गेली. ठोका रुंद दिसतोय: तो हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठलेला, घातक ठरू शकणारा ठोका, की वरूनच येऊन वाटेत अडखळलेला? छातीवरच्या व्ही-वन लीडच्या आलेखात अशा ठोक्याला कधीकधी सशाच्या कानांसारखी दोन टोकं येतात. डावा कान उंच असेल तर संशय खालच्या कप्प्यावर. ही खूण १९७४ मध्ये छापली ‘हार्ट अँड लंग’ने, म्हणजे क्रिटिकल केअर परिचारिकांच्या संघटनेच्याच नियतकालिकाने.

आता यंत्रच सगळं ओळखतं, मग सिस्टरनी कशाला डोकं खपवायचं? सॅन फ्रान्सिस्कोत बार्बरा ड्रू आणि सहकाऱ्यांनी पाच अतिदक्षता विभागांतल्या ४६१ रोग्यांचे यंत्रांनी ३१ दिवसांत दिलेले इशारे तपासले. एकूण इशारे पंचवीस लाखांवर. लयबिघाडाचे जे १२,६७१ इशारे माणसांनी ईसीजीची पट्टी पाहून पडताळले, त्यांतले ८८.८ टक्के खोटे निघाले. लांडगा आला रे आला, दिवसभर! हा अभ्यास २०१४ चा. त्याआधी २००४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने रुग्णालयांतल्या ईसीजी देखरेखीचे मानदंड ठरवले, त्या समितीचं अध्यक्षपदही ड्रू यांच्याकडेच होतं. त्या पेशाने परिचारिका.