आधी माळ, मग माळढोक

नामशेष होत चाललेला पक्षी त्याच्या मूळ ठिकाणी पुन्हा वसवायचा म्हटलं की आपल्यापुढे पिंजऱ्याचं उघडणारं दार येतं. या अभ्यासात नव्यानं येणाऱ्या वाचकाचं स्वागत करताना एवढंच सांगतो: ते दार फार उशिरा येतं.

नगरचंच बघा (अहिल्यानगर म्हणायला जीभ अजून वळायची आहे). कर्जत, श्रीगोंदा, नेवाशाचे माळ हे माळढोकाचं घर होतं. पंधरा किलोपर्यंत भरणारा नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून लोंबती सोडतो आणि घुमतो. त्या आवाजावरूनच त्याला 'हूम' हे नाव पडलं. मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं, सुमारे चार आठवडे उबवायचं. त्यावरून नांगराचं एक तास गेलं, की वीण बुडाली.

१९७९ साली सोलापूर-नगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरांचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं; पुढे ते बरंच आक्रसलं. दरम्यान कुकडीचं पाणी आलं, मागोमाग ऊस. उरलेला माळ 'पडीक', म्हणून तिथं झाडं लावणं पुण्याचं ठरलं. पवन्या-मारवेलच्या जागी गिरिपुष्प उभं राहिलं. या पक्ष्याचं जंगल म्हणजे गुडघाभर गवत, हे भल्याभल्यांच्या ध्यानात आलं नाही. वर विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं कमी दिसतं. तार दिसेपर्यंत जड अंगाला वळायला अवधी उरत नाही.

जैसलमेरजवळ सम इथं २०१९पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवतात. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. पण पिल्लं सोडायची कुठं? जागतिक निसर्गसंवर्धन संघाची २०१३ची सूत्रं बजावतात, की पक्षी ज्या कारणानं गेला ते आधी दूर करा. इंग्लंडमधून १८३२च्या सुमारास गेलेला तिथला माळढोक २००४पासून रशियातली पिल्लं आणून सॉल्झबरीच्या माळावर सोडला गेला. तो माळ बराचसा लष्कराच्या ताब्यात, म्हणून नांगरापासून वाचलेला. नगरजवळच्या आपल्या लष्करी के. के. रेंजची इथं आठवण यावी.

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली राखलेला माळ आहे, सव्वादोन चौरस किलोमीटरही भरत नाही. पुढची पानं उलटण्याआधी तिथं एकदा जाऊन या. पावसाळा सरल्यावर जा, कुसळं पायजम्याला चिकटतात तेव्हा.