कोपराची षष्ठी

आयर्लंडचा बॅगपाइप तोंडाने फुंकत नाहीत. वादक खुर्चीत बसून उजव्या कोपराने छोटा भाता दाबतो, हवा डाव्या काखेतल्या पिशवीत जाते आणि डाव्या कोपराच्या दाबाने नळ्या वाजू लागतात. तोंडाची वाफ लागत नाही, त्यामुळे नळ्यांमधल्या, सूर उमटवणाऱ्या पत्त्या कोरड्या राहतात. सुरावट बोटांवर चालू असतानाच मनगटाने चाव्या दाबून जोडसूरही काढता येतात.

या वाद्याला आज 'इलन पाइप' म्हणतात. आयरिशमध्ये 'इलिन' म्हणजे कोपर. षष्ठीत शेवटचा 'न' जड होतो आणि 'इलन', म्हणजे 'कोपराचा', असं रूप बनतं. आपल्यासारखं चा-ची-चे जोडावं लागत नाही. इंग्रजीने हे षष्ठीचं रूप जसंच्या तसं उचललं.

पण कधी? अठराव्या शतकात या वाद्याचं इंग्रजी नाव होतं 'युनियन पाइप'. ते ब्रिटन-आयर्लंडच्या राजकीय विलीनीकरणावरून पडलं, ही समजूत टिकत नाही. विलीनीकरणाचा कायदा 1800चा, आणि हे नाव 1788 मध्येच लंडनच्या मैफलींच्या संदर्भात सापडतं. सगळ्या नळ्या एका सुरात नांदतात म्हणून 'युनियन', हे मला जास्त पटतं.

विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रॅटन फ्लड या संगीत-इतिहासकाराने उलट सांगितलं: मूळ शब्द 'इलन', 'युनियन' हा त्याचा अपभ्रंश. पुरावा म्हणून त्याने शेक्सपिअर पुढे केला. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला शायलॉक बॅगपाइपला 'वुलन' म्हणतो, तो म्हणे 'इलन'च. हे साफ चूक आहे. नाटक सोळाव्या शतकाच्या अखेरचं, तर हे वाद्य अठराव्या शतकात घडलं. आयरिश संगीताचे संग्राहक ब्रँडन ब्रानाख यांनी फ्लडचा हा दावा खोडून काढला. फ्लडमुळे रूढ झालेलं 'इलन' हे नाव मात्र टिकलं, आणि ते टिकायलाच हवं होतं, कारण वाद्य खरोखरच कोपरावर चालतं.

मला या सगळ्यात खरं गुंतवलं ते त्या कोपराच्या गोतावळ्याने. 'इलिन', लॅटिन 'उल्ना', इंग्रजी 'एल्बो' आणि आपला संस्कृत 'अरत्नि' यांना भाषाशास्त्रज्ञ एकाच कुळात बसवतात. अरत्नि हे मापही होतं: यज्ञवेदी अरत्नीने मोजत. कौटिल्याचा अरत्नि 24 अंगुळांचा. इंग्लंडात याच कुळातल्या 'एल'ने कापड मोजत. कोपराचं माप करण्याची ही सवय कुळासोबतच आली असावी, असं मी मानतो.

1968 मध्ये या वादकांची संघटना स्थापन झाली, 'ना पीबरी इलन'. नावात वादक अनेक, कोपर मात्र एकवचनी षष्ठीतच.