पांढरी माशी : शोभिवंत झाडांवरील फवारणी-चाचणी

हरितगृहातील किंवा शेडनेटखालील शोभिवंत झाडांवर एखादे कीटकनाशक पांढऱ्या माशीला कितपत आवरते, हे ठरवण्याची पद्धत. ही माशी नावापुरतीच माशी, नाते मावा-तुडतुड्यांशी. संरक्षित फूलशेतीत ‘बेमिसिया टॅबासी’ आणि ‘ट्रायलेयुरोडिस व्हेपोरॅरिओरम’ या जाती मुख्य. जरबेरा, जास्वंद, पॉइन्सेटिया यांच्या पानांखाली तिची पिल्ले चिकटून रस शोषतात. त्यांच्या गोड चिकट्यावर काळी बुरशी चढली की कुंडीला गिऱ्हाईक उरत नाही.

चाचणीत कीड लागलेल्या कुंड्यांचे गट करून, कोणत्या गटावर कोणते औषध हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. एका गटावर नुसते पाणी फवारतात. फवारणीआधी एकदा, नंतर साधारण 3, 7 व 14 दिवसांनी मोजणी होते. ती सकाळी लवकर, माश्या सुस्त असताना, पान हलकेच उलटून करावी. प्रौढ शेंड्याच्या कोवळ्या पानांवर, तर मोठी पिल्ले खालच्या पानांवर असतात. म्हणून दोन्हीकडची पाने घेतात. आकडे हेंडरसन-टिल्टन सूत्रात (1955) घातले की पाण्याच्या गटातली आपोआप झालेली घट-वाढ वजा होते.

फसगत होते ती उडालेल्या माश्यांमुळे. फवाऱ्याने उठलेली माशी मेलेली नसते, शेजारच्या कुंडीवर बसते. म्हणून गटांमध्ये अंतर किंवा मलमलीचे पिंजरे लागतात. बुप्रोफेझिन, पायरीप्रॉक्सीफेन ही औषधे पिल्लांची वाढ रोखतात, प्रौढांना लगेच मारत नाहीत. तिसऱ्या दिवसाच्या मोजणीवर त्यांना नापास करणे अन्यायाचे. नोझल वर वळवून पानाची खालची बाजू भिजवली नसेल, तर परीक्षा औषधाची नव्हे, फवारणाऱ्याची होते. शोभिवंत झाडांत पान करपणे आणि पाकळीवर डाग पडणे यांचीही नोंद हवी; माशी मेली पण फूल डागाळले, तर ते औषध बाद.

मीरा-भाईंदरच्या दमट किनारी हवेत, दाटीने मांडलेल्या कुंड्यांवर औषध सावकाश वाळते. त्यामुळे कोरड्या पठारावरचे निकाल इथे जसेच्या तसे धरू नयेत. राज्यात फुलपिकांवरील संशोधनाचे मुख्य ठिकाण पुणे. कोकणातील पिकांचे काम दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. एकाच रासायनिक गटातले औषध वारंवार मारल्यास ‘बेमिसिया’ त्याला दाद देईनाशी होते, म्हणून जुने निकालही पुन्हा तपासावे लागतात. भारतात कीटकनाशकाची विक्री 1968च्या कीटकनाशक कायद्याखालील नोंदणीनंतरच करता येते, आणि चाचणीतील परिणामकारकतेचे आकडे त्या नोंदणीच्या अर्जासोबत द्यावे लागतात.