बार्बाडोसचे कॉलीमोर मास्तर

प्रतिभा उपजत असते असे आपण म्हणतो, आणि तेवढे म्हणून हात झटकून मोकळे होतो. पण उपजलेले मूल जगवावे लागते. फळ्यापुढे पंचवीस वर्षे खडू झिजवल्यावर मला तर या जगवण्याचेच अगत्य अधिक वाटू लागले आहे. म्हणून यंदा फराळाबरोबर वाचकांपुढे जो इतिहास ठेवीत आहे, तो कोणा राजाचा नाही. सातासमुद्रांपलीकडच्या एका मास्तरांचा आहे.

वेस्ट इंडीजची बेटे आपल्या मुलांना ठाऊक आहेत ती क्रिकेटमुळे. फ्रँक वॉरेल ज्या शाळेत शिकला, त्या बार्बाडोसमधील कोंबरमियर शाळेत फ्रँक कॉलीमोर हे शिक्षक होते. गुलामगिरी जाऊन शंभर वर्षे लोटली होती, तरी मुले शाळेत वाचीत ती विलायतेतील ऋतूंची आणि फुलांची वर्णने. आपल्या उसाच्या मळ्यावर, आपल्या आईच्या बोलीवर कोणी पुस्तक लिहील, ही कल्पनाच मुळी कोणाच्या मनात येत नसे. आणि लिहिलेच, तर छापणार कोण?

1942 साली तेथे ‘बिम’ नावाचे एक लहानसे नियतकालिक निघाले. लवकरच त्याची धुरा कॉलीमोरांच्या खांद्यावर आली, ती पुढे कित्येक वर्षे राहिली. याच सुमारास जॉर्ज लॅमिंग हा गरीब घरचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून त्यांच्या शाळेत आला होता. मास्तरांनी त्याला आपल्या घरचे पुस्तकांचे कपाट मोकळे करून दिले. उपदेश थोडा, पुस्तके पुष्कळ! पुढे 1949 साली त्यांनी एकोणीस वर्षांच्या एका कवीची ओळख करून देणारा लेख ‘बिम’मध्ये लिहिला. सेंट लुशिया बेटावरच्या या पोराचा पहिला संग्रह आदल्याच वर्षी छापला गेला होता, आणि तोही शिक्षिका असलेल्या आईने दिलेल्या पैशांतून. त्याचे नाव डेरेक वॉलकॉट.

तिकडे लंडनमध्ये जमैकाच्या ऊना मार्सन या कवयित्रीने 1943 साली बी.बी.सी.वर ‘कॅरिबियन व्हॉइसेस’ हा कार्यक्रम सुरू केला. 1946 पासून हेन्री स्वान्झी या आयरिश गृहस्थांनी तो सांभाळला. बेटांवरून कथा-कविता लंडनला जायच्या आणि तेथून आकाशवाणीने पुन्हा बेटांवर यायच्या. स्वान्झी व कॉलीमोर यांचा पत्रव्यवहार असे; एकाला गवसलेला लेखक तो दुसऱ्याला कळवी. मौज अशी की, आपली बोली साहित्यात शोभते हे बेटांवरच्या लोकांना राज्यकर्त्यांच्याच राजधानीतून ऐकू आले. शिवाय लेखनाचे मोलही मिळे. उपाशी लेखकाला कौतुकाइतकीच त्याचीही गरज असते.

पण जोपासलेली रोपे बेटांवर राहिली का? 1950 साली लॅमिंग आणि भारतीय वंशाचा सॅम सेल्व्हन एकाच बोटीने इंग्लंडला गेले. लॅमिंगची ‘इन द कॅसल ऑफ माय स्किन’ ही कादंबरी 1953 साली लंडनमध्येच प्रसिद्ध झाली. त्रिनिदादचा व्ही. एस. नायपॉलही तेथेच होता. काही काळ त्याने तो कार्यक्रमही संपादित केला. 1958 साली कार्यक्रम बंद पडला. मग मास्तरांच्या हाती काय उरले, असे कोणी विचारील.

उत्तर त्रिनिदादमध्ये सापडते. पोर्ट ऑफ स्पेन येथे बेरिल मॅकबर्नी या नर्तकीने 1948 साली ‘लिटल कॅरिब’ नाट्यगृह उभारून बेटांवरच्या लोकनृत्यांना रंगमंच दिला होता. वॉलकॉटने विलायतेची वाट न धरता 1959 साली तेथेच नटांची कार्यशाळा सुरू केली. ज्याला जोपासले, तो आता स्वतः इतरांना जोपासू लागला. 1992 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते पाहायला कॉलीमोर नव्हते. ते 1980 सालीच निवर्तले होते.

आज ब्रिजटाउनमधील एका मोठ्या सभागृहाला त्यांचे नाव आहे. नाव दिले हे योग्यच झाले. पण मला मात्र ते उघडे कपाटच अधिक मोलाचे वाटते. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर कविता खरडणारे पोर प्रत्येक वर्गात एखादे तरी असतेच. त्याची वही फाडायची की मागून घेऊन वाचायची, एवढेच आपल्या हाती असते. पुढे ते पोर कोणत्या बोटीत बसेल, ते त्याचे त्याने ठरवावे.