अनाथ प्रमाणपत्र

अनाथ प्रमाणपत्र हा महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागातर्फे आई-वडिलांचे छत्र हरपलेल्या व्यक्तीस दिला जाणारा दाखला आहे. बालगृहात वाढलेल्या मुलांना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर संस्था सोडावी लागते. त्यानंतर शिक्षण व नोकरीतील सवलती मिळविण्यासाठी हा दाखला आवश्यक असतो.

पार्श्वभूमी

जातीच्या दाखल्यासाठी वडिलांकडील नात्यातील पुरावे, तर अधिवास प्रमाणपत्रासाठी जन्म व वास्तव्याचे पुरावे मागितले जातात. ज्यांचे पालक वा जन्मस्थळच अज्ञात आहे, त्यांना ते सादर करता येत नाहीत. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ५३ नुसार जन्मनोंदणी व ओळखीचा पुरावा मिळवून देण्यास साहाय्य करणे, ही संस्थांनी द्यावयाच्या पुनर्वसन सेवांपैकी एक आहे. अनेकदा संस्थेचे दप्तर हाच मुलाच्या पूर्वायुष्याचा एकमेव लेखी पुरावा असतो. त्यामुळे ही कामे मूल संस्थेत असतानाच पूर्ण होणे महत्त्वाचे ठरते.

कार्यपद्धती

भंडारा जिल्ह्यातील अर्जदारास जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, भंडारा यांच्याकडे अर्ज करावा लागतो. संस्थेत वाढलेल्यांच्या बाबतीत बालकल्याण समितीचा प्रवेश आदेश व संस्थेतील नोंदी, तर नातेवाइकांकडे वाढलेल्यांच्या बाबतीत आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले महत्त्वाचे असतात. भंडारा जिल्हा नागपूर विभागात असल्याने प्रमाणपत्र नागपूर येथील विभागीय उपायुक्त, महिला व बालविकास यांच्याकडून दिले जाते.

आरक्षण

राज्य शासनाने २०१८ मध्ये अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत १ टक्का समांतर आरक्षण लागू केले. २०२१ मध्ये या धोरणात सुधारणा होऊन अनाथांचे तीन प्रवर्ग करण्यात आले. २०२३ च्या शासन निर्णयानुसार त्यांऐवजी 'संस्थात्मक' व 'संस्थाबाह्य' असे दोन प्रवर्ग आहेत. या आरक्षणाच्या लाभासाठी अनाथ प्रमाणपत्र अनिवार्य आहे.

इतर कागदपत्रे

- जन्मदाखला : जन्मानंतर एक वर्ष उलटल्यास नोंदणीसाठी सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.
- मतदार नोंदणी : नमुना ६ मध्ये अनाथ व्यक्तीस आई-वडिलांऐवजी कायदेशीर पालकाचे नाव देता येते.
- पारपत्र : जन्मतारखेचा अन्य पुरावा नसल्यास अनाथालयाच्या प्रमुखांनी संस्थेच्या अधिकृत पत्रावर दिलेले जन्मतारखेचे निवेदन ग्राह्य धरण्याची तरतूद डिसेंबर २०१६ मध्ये करण्यात आली.

हेही पाहा

- बालकल्याण समिती
- अनुरक्षणगृह
- बालसंगोपन योजना