जुन्या गाण्यांचे संग्रह आणि गाणारांचा हिशेब

ग्रामोफोनची तबकडी तीन मिनिटें वाजते आणि थांबते. बाजारांतील तिचें आयुष्यही फारसें मोठें नसतें. कांहीं आठवडे ती दुकानाच्या दर्शनी भागांत दिसते. मग नवी तबकडी येते आणि जुनी मागें सरते. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय समाजाच्या ज्या संगीतास प्रथम ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ आणि पुढें ‘सोल’ असें नांव मिळालें, तें बहुतांशीं अशा अल्पायुषी तबकड्यांवरच निघालें. असें असतांही तें साठ-सत्तर वर्षांनंतर दूरदूरच्या देशांत ऐकूं येतें, याचें श्रेय पुष्कळ अंशीं एका साध्या वस्तूस द्यावें लागतें. ती वस्तु म्हणजे निरनिराळ्या गायकांचीं जुनीं गाणीं एकत्र करून काढलेला संग्रह. व्यापाऱ्यानें तो कमी खर्चाचा माल म्हणून काढला, हें खरें. परंतु असंख्य श्रोत्यांस या संगीताचा इतिहास कळला तो याच संग्रहांतून, आणि गाणारांवर झालेला अन्याय उजेडांत येण्यासही हेच संग्रह निमित्त झाले.

प्रथम या संगीताच्या नांवाकडे पाहणें उद्बोधक होईल. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन व्यापारी साप्ताहिकानें १९४२ सालीं कृष्णवर्णीय वस्त्यांत खपणाऱ्या तबकड्यांची वेगळी यादी सुरू केली आणि न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीवरून तिला ‘हार्लेम हिट परेड’ म्हटलें. १९४५ सालीं त्या यादीस ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे ‘वंशाच्या तबकड्या’, असें नांव देण्यांत आलें. महायुद्धानंतरच्या दिवसांत तें कानास खटकूं लागलें. तेव्हां त्याच साप्ताहिकांत काम करणारे जेरी वेक्सलर यांच्या सूचनेवरून जून १९४९ मध्यें ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हें नांव आलें. वीस वर्षांनीं, १९६९ सालीं, त्याच्या जागीं ‘सोल’ हा शब्द बसला. नांवें बदललीं, मध्यंतरींचा सुमारें सव्वा वर्षाचा काळ सोडला तर यादी मात्र निराळीच राहिली.

हीं गाणीं काढणाऱ्या कंपन्या बहुधा लहान असत. न्यूयॉर्कची अटलांटिक, शिकागोची चेस, सिनसिनाटीची किंग, मेम्फिसची स्टॅक्स, डेट्रॉइटची मोटाउन हीं त्यांतल्या त्यांत मोठीं नांवें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या काळांत चार-पांच तबकड्या कागदी खिशांत घालून फोटोंच्या वहीप्रमाणें पुठ्ठ्यांत बांधीत. ‘आल्बम’ हा शब्द तेथूनच आला. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारांत आणली आणि पुढल्याच वर्षीं आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीनें ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. दीर्घ तबकडी प्रौढ व सुखवस्तु गिऱ्हाइकांच्या घरीं गेली. लहान तबकडी तरुणांच्या हातीं पडली. या लहान तबकड्यांवरील गाणीं दीर्घ तबकडीवर उतरवावीं, ही कल्पना आज सोपी वाटते. परंतु प्रत्येक गाण्याचा मालक निराळा. त्या सर्वांची संमति मिळवून एकाची शेजारीं दुसऱ्याचें गाणें बसविणें हें वाटतें तितकें सुलभ नव्हतें.

तें काम आर्ट लाबो यांनीं केलें. लाबो हे लॉस एंजेलिस येथील नभोवाणीचे निवेदक. हॉलिवुडमधील एका उपाहारगृहाच्या आवारांतून ते कार्यक्रम प्रक्षेपित करीत. तेथें तरुण मंडळी मोटारींत बसूनच खात, आणि लाबो त्यांना कोणतें गाणें हवें तें विचारीत. पुष्कळजण नव्या गाण्याऐवजीं चार-दोन वर्षांपूर्वींचें गाणें मागत. लॉस एंजेलिस शहरांत अल्पवयी मुलांच्या सार्वजनिक नृत्यांवर निर्बंध होते. म्हणून लाबो यांनीं शहराच्या हद्दीबाहेर एल माँटे येथें नृत्याचे जलसे भरविले. तेथें गौरवर्णीय, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाचीं मुलें एकाच फरशीवर नाचलीं. त्या काळीं ही गोष्ट लहान नव्हती.

१९५९ सालीं लाबो यांनीं स्वतःच्या ‘ओरिजिनल साउंड’ कंपनीतर्फे ‘ओल्डीज बट गुडीज’ हा संग्रह काढला. आपल्याकडील ‘जुनें तें सोनें’ या म्हणीचाच तो भावार्थ. त्यांत पेंग्विन्स या गायकमेळ्याचें १९५४ चें ‘अर्थ एंजल’ होतें. तसेंच फाइव्ह सॅटिन्स यांचें न्यू हेवन येथील एका चर्चच्या तळघरांत मुद्रित झालेलें १९५६ चें गीतही होतें. तबकडीच्या एका बाजूस संथ गाणीं, दुसऱ्या बाजूस चपळ, अशी त्याची मांडणी होती. अमेरिकेंतील खपाच्या यादींत हा संग्रह तीन वर्षांहून अधिक काळ टिकला. जें गाणें दुकानदारानें मोडींत काढलें होतें, त्याचें मोल श्रोत्यानें ठरविलें. या संग्रहानें व्यापाऱ्यांस मिळालेला पहिला धडा हाच.

दुसरा धडा अटलांटिक कंपनीनें घेतला. वॉशिंग्टन येथील तुर्की राजदूताचे चिरंजीव अहमेट एर्टेगुन आणि हर्ब अब्रॅमसन यांनीं १९४७ सालीं ही कंपनी स्थापिली. वेक्सलर पुढें १९५३ सालीं तींत भागीदार म्हणून आले. १९६८ सालीं कंपनीनें ‘हिस्टरी ऑफ ऱ्हिदम अँड ब्लूज’ या नांवाची मालिका काढण्यास आरंभ केला. पहिल्या भागांत १९४७ ते १९५२ पर्यंतचीं मुळें, दुसऱ्यांत १९५३ ते १९५५ चीं सुवर्णवर्षें, अशी कालानुक्रमानें गाणीं लावलीं होतीं. नृत्यासाठीं विकत घेतलेल्या गाण्यांस आतां ‘इतिहास’ ही पदवी मिळाली. परंतु या इतिहासाचा कर्ता कोण, हा प्रश्न वाचकाच्या मनांत येणें साहजिक आहे. मालिकेंतील बहुतेक गाणीं अटलांटिकच्या ताब्यांतील होतीं. चेस व किंग या कंपन्यांचे जेम्स ब्राऊन किंवा मडी वॉटर्स यांच्यासारखे थोर गायक तींत नाहींत. एखाद्या राजघराण्यानें स्वतःच्या दफ्तरावरून बखर लिहवून घ्यावी, तसाच हा प्रकार होता. बखर खोटी नव्हे; परंतु तिच्या सीमा दफ्तराच्या भिंतींनीं आंखलेल्या असतात.

या दफ्तरांत गाण्यांबरोबर हिशेबाच्या वह्याही होत्या, आणि त्या कथेची नायिका रूथ ब्राऊन ही गायिका होय. व्हर्जिनिया राज्यांतील पोर्ट्समथ येथें १९२८ सालीं जन्मलेल्या ब्राऊनबाई १९४९ सालीं अटलांटिकसाठीं गाऊं लागल्या. ‘टिअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज’ या १९५० च्या गीतानें त्या देशभर गाजल्या, आणि त्यांच्या तबकड्यांचा खप एवढा झाला कीं अटलांटिक म्हणजे ‘रूथनें बांधलेलें घर’ असें लोक म्हणूं लागले. त्या काळच्या करारांत गायकास खपावर अगदीं अल्प टक्केवारी मिळे, आणि तीही लगेच मिळत नसे. मुद्रणगृहाचें भाडें, वादकांची मजुरी, उचल दिलेले पैसे हें सर्व प्रथम गायकाच्या नांवें खर्चीं पडे. हा खर्च फिटेपर्यंत गायक कंपनीचा ऋणको राही. प्रत्येक नवें गाणें म्हणजे नवा खर्च. त्यामुळें लक्षावधि तबकड्या खपूनही वहींत गाणाराच्या नांवें देणेंच दिसे.

पुढें लोकांची आवड बदलली. १९६० नंतरच्या दशकांत ब्राऊनबाईंनीं मुलांचें पोषण करण्यासाठीं लोकांच्या घरीं धुणीं-भांडीं व साफसफाई केली, शाळेची बस चालविली. त्याच वर्षांत त्यांचा आवाज संग्रहांतून विकला जात होता. ही विसंगति वॉशिंग्टनमधील हॉवेल बेगल या वकिलाच्या ध्यानांत आली. बेगल हे त्यांच्या जुन्या गाण्यांचे चाहते होते. जीं गाणीं आपण पैसे मोजून घेतों, त्यांचा वांटा गाणारीस मिळत नाहीं, हें कळतांच त्यांनीं तिची बाजू हातीं घेतली. १९८५ सालीं अटलांटिकनें १९४७ ते १९७४ या काळांतील गाण्यांचा सात भागांचा मोठा संग्रह काढला. त्यामुळें जुन्या गाण्यांतून अद्याप पैसा निघतो, हें कोणास नाकारतां येण्याजोगें उरलें नाहीं. अखेर १९८८ सालीं, चाळिसाव्या वर्धापनोत्सवाच्या सुमारास, अटलांटिकनें ब्राऊनबाई व इतर कांहीं जुने गायक यांच्या नांवावरील देणें माफ केलें, रॉयल्टीचा हिशेब नव्यानें करण्याचें मान्य केलें आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ या संस्थेच्या स्थापनेस द्रव्यसाह्य दिलें. वृद्ध व गरजू कलावंतांस मदत करणें हें त्या संस्थेचें एक प्रमुख कार्य ठरलें. ब्राऊनबाई २००६ सालीं निवर्तल्या. तत्पूर्वीं त्यांना रंगभूमीवरील टोनी पारितोषिक मिळालें आणि १९९३ सालीं रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्यें त्यांचा समावेश झाला.

हिशेबाची दुसरी कथा मेम्फिस शहराची आहे. तेथें जिम स्ट्युअर्ट व त्यांच्या भगिनी एस्टेल ॲक्स्टन यांनीं मॅक्लेमोर ॲव्हेन्यूवरील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहांत मुद्रणगृह थाटलें. उभयतांच्या आडनांवांचीं आद्याक्षरें जोडून १९६१ सालीं कंपनीचें ‘स्टॅक्स’ हें नांव झालें. वर्णभेदानें विभागलेल्या त्या शहरांत येथील वादकमेळ्यांत कृष्णवर्णीय व गौरवर्णीय एकत्र बसून वाजवीत. ओटिस रेडिंग यांनीं १९६२ सालीं आपलें पहिलें यशस्वी गीत येथेंच मुद्रित केलें. १० डिसेंबर १९६७ रोजीं विमानाच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. पुढल्या एप्रिलमध्यें याच शहरांत मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. त्याच सुमारास अटलांटिकशीं असलेला वितरणाचा करार संपला आणि त्यांतील एका कलमाचा अर्थ स्ट्युअर्ट यांना उमगला. अटलांटिकनें वितरित केलेल्या सर्व गाण्यांचे मूळ मुद्रण त्या कलमानें अटलांटिकच्या मालकीचें झालें होतें. आठ-नऊ वर्षांचें सारें धन एका सहीनें गेलें.

या सहीची खूण संग्रहांवर कायमची उमटली आहे. १९९१ सालीं अटलांटिकनें स्टॅक्सचीं १९५९ ते १९६८ पर्यंतचीं एकेरी गाणीं नऊ कॉम्पॅक्ट डिस्कवर काढलीं. त्यांत २४४ गाणीं आहेत. १९६८ नंतरचीं गाणीं मात्र त्यांत नाहींत, कारण त्यांची मालकी फँटसी या दुसऱ्या कंपनीकडे गेली होती. पुढील दोन भाग त्याच कंपनीनें १९९३ व १९९४ सालीं काढले. तिसऱ्या भागासोबतच्या रॉब बोमन यांच्या टिपणांस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. या संचाचा विशेष असा, कीं त्यांत गाजलेल्या गाण्यांबरोबर पडलेलीं गाणींही क्रमानें दिलीं आहेत. पहिलीं पांच-पन्नास गाणीं ऐकतांना एक घराणें चांचपडत स्वतःचा सूर शोधीत आहे, हें श्रोत्यास प्रत्यक्ष कळतें. केवळ लोकप्रिय गीतांच्या निवडीवरून तें कधींच कळलें नसतें. स्टॅक्सची कंपनी १९७५ च्या डिसेंबरांत दिवाळ्यांत निघाली व तिची इमारतही १९८९ सालीं पाडण्यांत आली. म्हणून या संचाचें महत्त्व अधिकच. त्या जागीं २००३ सालीं वस्तुसंग्रहालय उघडलें.

जें जपलें जात नाहीं, तें नष्ट होण्यास एक ठिणगी पुरते. १९७८ सालीं न्यूजर्सी राज्यांतील लाँग ब्रँच येथें अटलांटिकच्या कोठारास आग लागली आणि हजारों मूळ ध्वनिफिती जळाल्या. त्यांतील पुष्कळ कधींच प्रसिद्ध झालेल्या नव्हत्या. अशा वेळीं साह्य झालें तें दूरच्या चाहत्यांचें. उत्तर इंग्लंडमधील कामगार तरुण रात्र-रात्र अमेरिकेंतील अपयशी तबकड्यांवर नाचत. त्यांच्या या आवडीस डेव्ह गॉडिन यांनीं १९७० सालीं ‘नॉर्दर्न सोल’ हें नांव दिलें. लंडनच्या केंट या मुद्रेखालीं १९८२ पासून अशा विस्मृत गाण्यांचे संग्रह रीतसर परवाने घेऊन निघूं लागले; गॉडिन यांनीं निवडलेला ‘डीप सोल ट्रेझर्स’चा पहिला भाग १९९७ सालीं त्याच मुद्रेनें काढला. ज्यांचें एकच गाणें निघालें व तेंही कोणी घेतलें नाहीं, अशा कित्येक गायकांचें नांव त्यामुळें पुन्हा छापून आलें.

संग्रहाचे हे तीन प्रकार झाले: लोकांच्या मागणीनें झालेला, मालकाच्या दफ्तरांतून निघालेला आणि रसिकाच्या शोधांतून जमलेला. तिन्हींची उपयुक्तता वेगळी, तशीच उणीवही वेगळी. परंतु तिन्हींच्या मुळाशीं एकच माणूस उभा आहे, तो म्हणजे गाणारा. त्याचें गाणें जपून ठेवणें हें स्मृतीचें काम झालें. त्याचा वांटा त्याच्या पदरांत टाकणें हें न्यायाचें. पहिलें काम १९५९ सालींच सुरू झालें, आणि दुसऱ्याचा आरंभ होण्यास १९८८ साल उजाडावें लागलें. मधल्या तीस वर्षांत संग्रह विकले जात होते आणि ब्राऊनबाई बस चालवीत होत्या. जुन्या गाण्यांचा कोणताही नवा संग्रह हातीं घेतांना रसिकानें वेष्टनावरील नांवांची यादी अवश्य वाचावी. त्या यादींतील प्रत्येक नांवामागें एका आवाजाबरोबर एक हिशेबही आहे.